प्रत, परवाना आणि ताबा : आज्ञावली बसवण्याच्या सीडीविषयी कायद्याचे एक चिकित्सक वाचन

वरणगावची ओळख महाराष्ट्राला आहे ती मुख्यतः तेथील आयुधनिर्माणीमुळे. परंतु निर्माणीच्या वसाहतीकडून बाजारपेठेत आले म्हणजे लग्नपत्रिका जुळवून देणारी, सरकारी अर्ज भरून देणारी आणि नादुरुस्त संगणक दुरुस्त करणारी जी लहान दुकाने दिसतात, ती भुसावळ, यावल वा पारोळा येथील दुकानांहून निराळी नसतात. अशा दुकानाच्या फळीवर सीडींची एक चळत बहुधा असतेच. नव्या संगणकांना सीडी घालण्याची सोय आता पुष्कळदा नसते. आज्ञावली, म्हणजे ज्यास आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो ते, आंतरजालावरून उतरवून घेण्याचा प्रघात पडला आहे. तरीही ती चळत कोणी टाकून देत नाही. जुन्या टंकात जुळवलेला मजकूर आणि जुन्या आज्ञावलीत मांडलेले जमाखर्च ज्यांना उघडावे लागतात, त्यांना ती सीडी पुन्हा एकदा लागते.

या चळतीसमोर उभे राहिले की दोन प्रश्न उपस्थित होतात. संगणक बिघडल्यावर आपलीच आज्ञावली आपल्याच सीडीवरून पुन्हा बसवता येते काय, हा पहिला. ती सीडी मित्रास, शेजाऱ्यास किंवा विद्यार्थ्यास देता येते काय, हा दुसरा. या प्रश्नांना दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली, तिचे आपण वाटेल ते करू, असे एक पक्ष म्हणतो. परवान्यात लिहिले नाही ते सारे गुन्हा, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्याने कायदा वाचलेला नसतो, आणि दुसऱ्याने परवान्यालाच कायदा मानलेले असते.

प्रस्तुत लेखात भारतीय प्रताधिकार अधिनियमातील संबंधित तरतुदी आणि आज्ञावलीसोबत येणारा परवाना या दोन मजकुरांचे शेजारी शेजारी ठेवून वाचन करावयाचे आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष प्रारंभीच सांगतो : कायदा प्रती मोजतो, परवाना यंत्रे मोजतो, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र सीडी असते. या तीन गोष्टी एकच आहेत असे धरून चालल्यामुळे या विषयातील बहुतेक गोंधळ निर्माण झाला आहे.

१

१९५७ चा प्रताधिकार अधिनियम झाला तेव्हा त्यात संगणकाचा उल्लेख नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश 'वाङ्मयकृती'च्या व्याख्येत करण्यात आला. काव्यसंग्रह आणि हिशेबाची आज्ञावली हे दोन्ही तेव्हापासून कायद्याच्या एकाच रकान्यात बसतात. साहित्याच्या अभ्यासकास ही सोयरीक विनोदी वाटेल. परंतु तिचे परिणाम विनोदी नाहीत.

पुस्तक वाचल्याने त्याची प्रत होत नाही. वाचनालयातून आणलेली कादंबरी घरातील पाच माणसांनी वाचली तरी ती एकच प्रत राहते. आज्ञावलीचे तसे नाही. सीडीवरून ती संगणकात बसवली की हार्डडिस्कवर दुसरी प्रत झाली. ती चालवली की संगणकाच्या स्मृतीत आणखी एक तात्पुरती प्रत होते. पुस्तकाचा उपयोग करणे आणि पुस्तकाची नक्कल करणे या दोन क्रिया सहज वेगळ्या काढता येतात; आज्ञावलीच्या बाबतीत नक्कल केल्यावाचून उपयोगच होत नाही. प्रती काढण्याचा अधिकार तर सर्वस्वी कर्त्याचा. तेव्हा वाङ्मयकृतीचा नियम जसाच्या तसा लावला, तर विकत घेतलेली आज्ञावली प्रथम बसवणे हाच भंग ठरेल. हा अनर्थ टाळण्यासाठी कायद्याला काही वेगळे बोलणे भाग होते. ते तो कलम ५२ मध्ये बोलतो.

२

कलम ५२ मध्ये प्रताधिकाराचा भंग न ठरणाऱ्या कृतींची यादी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून अमलात आली, त्या यादीत खंड (एए) घालण्यात आला. त्याचा आशय असा : आज्ञावलीच्या प्रतीचा ज्याच्याकडे कायदेशीर ताबा आहे, त्याने त्या प्रतीवरून, ज्या प्रयोजनासाठी आज्ञावली पुरवली गेली त्या प्रयोजनाकरिता तिचा उपयोग करता यावा म्हणून प्रत काढली वा तिच्यात फेरफार केला, तर तो भंग नव्हे, तसेच हानी, नाश वा बिघाड यांपासून निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढणे हाही भंग नव्हे.

या तरतुदीतील चार शब्दप्रयोग सावकाश वाचण्यासारखे आहेत.

पहिला 'कायदेशीर ताबा'. कायदा येथे मालकाविषयी बोलत नाही. शेतीच्या व्यवहारात मालक आणि कूळ यांतील भेद ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला त्या आपल्या प्रदेशातील वाचकास या निवडीचे महत्त्व सांगावयास नको. अमेरिकेत १९७८ साली यासंबंधीच्या राष्ट्रीय आयोगाने 'योग्य ताबा असणारा' अशा अर्थाचा शब्द सुचवला होता; तेथील विधिमंडळाने १९८० साली कायदा करताना त्या जागी 'मालक' हा शब्द घातला. परिणाम असा झाला की परवान्यात "ही वस्तू विकलेली नाही, केवळ वापरावयास दिली आहे" असे लिहून कंपनी ग्राहकाचे मालकपण नाकारू शकते, आणि मालकपण गेले की कायद्याने दिलेली सवलतही जाते. भारतीय तरतुदीत ही पळवाट उरत नाही. सीडी विकली की दिली, हा वाद बाजूला राहिला तरी पावती घेऊन ती बाळगणाऱ्याचा ताबा कायदेशीरच असतो.

दुसरा 'त्या प्रतीवरून'. सवलत आपल्या ताब्यातील प्रतीपुरती आहे. त्याच आज्ञावलीच्या कोणत्याही प्रतीपुरती नाही. या शब्दांची अडचण पुढे दिसेल.

तिसरा 'ज्या प्रयोजनासाठी पुरवली गेली'. येथे कायद्याच्या दारातून परवाना आत येतो. कारण पुरवण्याचे प्रयोजन काय होते हे ठरवण्यास परवान्याचा मजकूर हा एक पुरावा असतो. मात्र तो एकमेव पुरावा नव्हे. वेष्टनावरील मजकूर, जाहिरात, पावती हीही प्रयोजनाची साक्ष देतात.

चौथा 'निव्वळ तात्पुरते संरक्षण'. राखीव प्रत ही मूळ प्रतीची सावली आहे. मूळ सीडी विकून राखीव प्रत जवळ ठेवणे, किंवा राखीव प्रतच दुसऱ्यास देणे, या शब्दांत बसत नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. हार्डडिस्क निकामी झाली, संगणक पुसून कोरा केला, आणि त्याच संगणकात तीच आज्ञावली स्वतःच्या सीडीवरून पुन्हा बसवली, तर कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नाही; मग ती पहिल्यांदा बसवलेली असो की दहाव्यांदा. सीडीवर ओरखडे पडतील या भयाने तिची एक प्रत काढून ठेवणेही तितकेच निर्दोष आहे.

३

१९९९ च्या दुरुस्तीने, जी १५ जानेवारी २००० पासून अमलात आहे, याच यादीत आणखी एक खंड घालण्यात आला. खंड (एडी) म्हणतो की स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी व्यक्तिगत उपयोगासाठी आज्ञावलीच्या प्रती काढणे वा तिच्यात फेरफार करणे हा भंग नव्हे. हा खंड मागील खंडाहून उदार आहे. त्यात 'पुरवण्याचे प्रयोजन' ही अट नाही, आणि प्रतींची संख्याही सांगितलेली नाही. घरचा जुना संगणक आणि नवा लॅपटॉप या दोहोंवर विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासासाठी स्वतः विकत घेतलेली आज्ञावली बसवली, तर परवान्यात 'एकच यंत्र' असे लिहिले असले तरी प्रताधिकाराचा भंग झाला असे म्हणणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, या खंडाच्या शब्दांशी जुळत नाही. करारभंगाचा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येऊ.

परंतु या उदारतेला दोन कुंपणे आहेत. एक, प्रत 'स्वतः' मिळवलेली हवी. मित्राकडून चार दिवसांसाठी आणलेली सीडी ही या अर्थाने स्वतः मिळवलेली प्रत नव्हे. दोन, उपयोग बिगरव्यापारी आणि व्यक्तिगत हवा. वरणगावच्या बाजारपेठेतील दुकान, भुसावळमधील शिकवणीवर्ग किंवा महाविद्यालयाची प्रयोगशाळा यांचा उपयोग व्यक्तिगत नाही. दुकानाचा तर व्यापारीही आहे. त्यांना खंड (एए) आणि परवाना यांवरच विसंबावे लागते.

४

आता परवान्याकडे वळू. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर आज्ञावलीचा परवाना हा एक चमत्कारिक मजकूर आहे. तो वाचकास पैसे दिल्यानंतर भेटतो. वेष्टन फोडल्यावर किंवा पडद्यावरील 'मान्य आहे' या चौकटीवर खूण करण्याच्या क्षणी तो समोर येतो. तो बहुतेक वेळी इंग्रजीत असतो, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाची वाक्ये वाचण्यास सर्वांत कठीण अशा सलग मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. लेखक आणि वाचक यांच्यात एवढे अंतर ठेवणारा दुसरा लोकप्रिय मजकूर दाखवणे अवघड आहे. आणि तरीही त्याखाली होकार देणाऱ्यांची संख्या कोणत्याही ग्रंथाच्या वाचकांपेक्षा मोठी असेल.

त्याची भाषा बाजूस ठेवून त्याचे गणित पाहावे. परवाना मोजतो ती यंत्रे, वापरणारी माणसे किंवा काळ. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे उदाहरण घेऊ. नव्या संगणकात कारखान्यातूनच बसवून आलेल्या विंडोजचा परवाना त्या संगणकाशी जखडलेला असतो. तो संगणक विकला तर परवाना त्यासोबत जातो, पण संगणक भंगारात गेला तर परवाना दुसऱ्या संगणकात नेता येत नाही. दुकानातून सुटे विकत घेतलेले विंडोज मात्र जुन्या यंत्रावरून काढून टाकून नव्या यंत्रावर नेता येते. दोहोंच्या सीडीवरील आज्ञावली जवळपास तीच असते. भेद सीडीत नसून सोबतच्या अक्षरांकांच्या किल्लीत आणि तिच्यामागील शब्दांत असतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही किल्ली कंपनीकडे नोंदवून घेण्याची सक्ती झाली, आणि जे काम पूर्वी ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोपवलेले होते ते यंत्राने आपल्याकडे घेतले. आपल्याकडील मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावलींसोबत येणारे, संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे कुलूप हाही त्याच जातीचा उपाय. सीडीच्या शंभर प्रती काढा. कुलूप एकच आहे.

म्हणजे परवान्याच्या जगात सीडी ही जवळजवळ निरर्थक वस्तू आहे. ती केवळ वाहन आहे. कायद्याच्या जगात मात्र प्रत हाच सर्व विचाराचा केंद्रबिंदू आहे. 'प्रताधिकार' या आपल्या शब्दानेही तेच सुचवले आहे.

५

या दोन जगांचा मेळ घालण्याचे काम आपल्या न्यायालयांपुढे आले ते बहुतेक करांच्या निमित्ताने. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात, तयार स्वरूपात बाजारात विकली जाणारी आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' आहे असा निर्णय दिला. बौद्धिक निर्मिती एकदा सीडीसारख्या माध्यमावर उतरली की पुस्तक वा चित्र यांप्रमाणे तीही विकाऊ वस्तू होते, हा त्याचा गाभा.

२ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग अ‍ॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स प्रकरणात न्या. नरीमन यांनी लिहिलेला निर्णय याहून खोल जातो. परदेशी कंपनीस आज्ञावलीपोटी दिलेली रक्कम ही प्रताधिकाराचे स्वामित्वधन आहे काय, असा आयकराचा प्रश्न होता. न्यायालयाने प्रताधिकार आणि प्रताधिकार असलेली वस्तू यांत भेद केला. परवान्यावर 'परवाना' असे लिहिले असले तरी अंतिम ग्राहकास प्रताधिकारातील कोणताही हक्क मिळत नाही. त्याला मिळते ती वापरावयाची एक प्रत, आणि तो व्यवहार वस्तूच्या विक्रीचा आहे. आज्ञावलीची प्रत विकण्याचा जो अनन्य अधिकार कलम १४(ब) कर्त्यास देते, तो प्रती काढून त्या विकण्यासंबंधीचा आहे; मूर्त स्वरूपात विकत घेतलेली प्रत पुढे विकणाऱ्या वितरकास तो अडवत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. कलमाचा इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. १९९४ च्या मजकुरात, ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, अशा अर्थाचे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते गाळले.

तिसरा निर्णय पुण्याचा आहे, आणि तो आपल्या विषयास सर्वांत जवळचा. क्विक हील ही पुण्याची कंपनी विषाणुरोधक आज्ञावली सीडीवर, किल्लीसह, वितरकांमार्फत विकत असे. सीडी घेणाऱ्यास ठरावीक काळ अद्ययावत भर मिळत राहते, म्हणून ही सेवा आहे व तीवर सेवाकर द्यावा लागेल, असे कर खात्याचे म्हणणे होते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सीडीच्या विक्रीची एकरकमी किंमत घेऊन तीवर विक्रीकर भरला गेला असता, पुढील भर मिळते एवढ्यावरून त्याच रकमेवर सेवाकर लावता येणार नाही, असा त्याचा आशय.

हे तीनही निर्णय वाचून "न्यायालयाने सीडी आपली केली" असा जयघोष करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हे खटले कर कोणी व कोणता द्यावा याचे होते. ग्राहकाने सीडी कितीदा वापरावी याचे नव्हते. शिवाय २०२१ च्या निर्णयाचे तर्कशास्त्र दुहेरी आहे. ग्राहक वस्तूचा धनी आहे असे ते सांगते, आणि त्याच श्वासात प्रती काढण्याच्या अधिकाराचा एक कणही त्याच्याकडे आलेला नाही असेही सांगते. पहिले वाक्य घेऊन दुसरे सोडणे हे प्रामाणिक वाचन नव्हे.

६

एवढी सामग्री हाती आल्यावर दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे सीडी देण्याघेण्याकडे, जाता येईल. त्याची निरनिराळी रूपे वेगळी काढली पाहिजेत.

आपली सीडी फुटली; आपली किल्ली व पावती शाबूत आहे; मित्राची तीच सीडी आणून आपल्या किल्लीने आज्ञावली बसवली. येथे 'त्या प्रतीवरून' हे शब्द आडवे येतात, कारण आपण आपल्या प्रतीवरून प्रत काढलेली नाही. खंड (एए) चा काटेकोर अर्थ केल्यास त्याचा आधार मिळत नाही. आधार मिळतो तो परवान्याचा : एका यंत्रावर एक प्रत बसवण्याची अनुमती कर्त्याने दिलेली असते, आणि ती कोणत्या सीडीवरून बसवावी याविषयी परवाना सामान्यतः आग्रही नसतो. ज्या परवान्यास आपण जाचक म्हणतो तो येथे कायद्यापेक्षा उदार ठरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सीडी, किल्ली, पावती सर्व कायमचे दुसऱ्यास दिले, आणि आपल्या संगणकावरील प्रत व राखीव प्रती नष्ट केल्या. २०२१ च्या निर्णयातील विचार पुढे नेल्यास येथे प्रताधिकाराचा भंग दाखवणे कठीण आहे. घेणाऱ्याचा ताबाही कायदेशीर होतो. परवान्यात हस्तांतरास मनाई असेल तर प्रश्न करारभंगाचा राहतो. परदेशांत या मुद्द्यावर मतभेद आहेत. अमेरिकेत २०१० साली अपील न्यायालयाने ऑटोकॅडच्या जुन्या सीडी विकणाऱ्याच्या विरुद्ध निर्णय दिला, कारण मूळ ग्राहक मालक नसून केवळ परवानाधारक होता. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली ओरॅकलच्या प्रकरणात उलट दिशा धरली, आणि विकलेल्या आज्ञावलीचा पुनर्विक्रय मान्य केला. परंतु त्याच न्यायालयाने २०१६ साली लाटव्हियातून आलेल्या प्रकरणात स्पष्ट केले की मूळ सीडी खराब झाली म्हणून राखीव प्रत विकता येणार नाही. आपल्या खंड (एए) मधील 'तात्पुरते संरक्षण' हे शब्द आपल्यालाही त्याच निष्कर्षाकडे नेतात.

आज्ञावली आपल्या संगणकावर ठेवून सीडी मित्रास दिली, आणि त्याने ती आपल्या संगणकात बसवली. नित्य घडणारे रूप हेच. येथे कोणी असा युक्तिवाद करील की मित्राने सीडी चोरलेली नाही, मी ती राजीखुशीने दिली, तेव्हा त्याचाही ताबा कायदेशीरच. हे वाचन स्वीकारले तर एका सीडीवर सारे वरणगाव चालेल. आणि ज्या अर्थाने अपवाद संपूर्ण नियमास गिळतो तो अर्थ विधिमंडळास अभिप्रेत होता असे मानता येत नाही. खंड (एडी) मधील 'स्वतः मिळवलेली' हे शब्दही हेच सांगतात. मित्राच्या यंत्रावरील प्रत ही भंगाने निर्माण झालेली प्रत आहे.

दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या संगणकात एकाच सीडीवरून आज्ञावली भरून दिली. याविषयी संशयास जागाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली, नव्या संगणकांत बेकायदा आज्ञावली भरून विकणाऱ्यांविरुद्ध मायक्रोसॉफ्टने लावलेल्या दाव्यात १९.७५ लाख रुपयांची भरपाई ठरवली. गिऱ्हाइकाकडे स्वतःचा परवाना असेल आणि दुकानदार केवळ मजुरी घेत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तेथेही सीडी विकणे वेगळे आणि बसवून देणे वेगळे. जुन्या संगणकांच्या पुनर्वापराचा व्यवसाय करणाऱ्या एका अमेरिकी उद्योजकाने, परवाना असलेल्या संगणकांना उपयोगी पडाव्यात म्हणून पूर्वस्थापनेच्या सुमारे २८,००० सीडी परस्पर छापून घेतल्या. त्यांतील आज्ञावली परवानाधारकास फुकट उतरवून घेता येत होती. तरीही त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली आणि २०१८ साली अपिलात ती कायम राहिली. परवान्याशिवाय सीडीस किंमत नाही, हा त्याचा बचाव मान्य झाला नाही.

राहिली प्रयोगशाळा. अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थी यांनी केलेली नक्कल हा भंग नव्हे, अशी कलम ५२ मध्येच स्वतंत्र तरतूद आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या प्रकरणात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा उदार अर्थ केला. त्या आधारे वीस परवान्यांवर साठ संगणक चालवण्याचा विचार कोणाच्या मनात आल्यास त्याने सबुरीने घ्यावे. तेथे प्रश्न पाठ्यपुस्तकांतील निवडक पानांचा होता. येथे संपूर्ण कृतीचा, कायमस्वरूपी आणि नित्य उपयोगाचा आहे. शिवाय आज्ञावलीसाठी विधिमंडळाने स्वतंत्र खंड लिहिले असताना सामान्य खंडाच्या आड लपणे युक्त नव्हे.

७

या भेदांत काय पणास लागले आहे, ते शिक्षेच्या कलमांवरून समजते. भंगाने झालेली प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३-ब अन्वये किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. उपयोग लाभासाठी वा धंद्यात झालेला नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कारावास टाळू शकते, आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. प्रताधिकाराचा जाणूनबुजून भंग करणारा आणि त्यास साहाय्य करणारा यांना कलम ६३ लागू होते. तेथे शिक्षा सहा महिन्यांपासून सुरू होते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी ठरवले आहे. म्हणजे सीडी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची स्थिती अधिक कठीण होऊ शकते.

याउलट, निव्वळ करारभंगास तुरुंग नाही. त्याचा उपाय दिवाणी आहे. म्हणून 'परवान्याविरुद्ध' आणि 'कायद्याविरुद्ध' हे दोन शब्दप्रयोग समानार्थी म्हणून वापरणे ही केवळ भाषेची ढिलाई नाही. घरी दुसऱ्या संगणकात स्वतःची आज्ञावली बसवणारा विद्यार्थी आणि पन्नास गिऱ्हाइकांना एकच सीडी भरून देणारा दुकानदार यांना एकाच शब्दाने चोर म्हटले, तर पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला सोबत मिळते.

८

ज्या सीडी बिनदिक्कत वाटता येतात त्यांचाही विचार येथे केला पाहिजे. कारण तेथेही परवाना आहेच. १९९१ साली दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या जीएनयू सार्वजनिक परवान्याखालील आज्ञावली कितीही यंत्रांवर बसवावी, सीडीच्या हव्या तितक्या प्रती काढाव्यात, त्या विकाव्यातही. अट एवढीच की घेणाऱ्यास तेच स्वातंत्र्य आणि आज्ञावलीचा मूळ मजकूर मिळाला पाहिजे. सी-डॅकची 'बॉस' ही कार्यप्रणाली लिनक्सच्याच वंशातील आहे. मुंबईच्या आयआयटीचा 'शोभिका' आणि एक टाइपचा 'मुक्ता' हे देवनागरी टंक खुल्या टंक-परवान्याखाली आहेत. ते वाटता येतात, पण नुसता टंक सुटा विकता येत नाही. प्रबंध टंकलिखित करणाऱ्या विद्यार्थ्यास एवढे पुरेसे आहे.

मात्र 'फुकट' आणि 'मुक्त' यांत गल्लत होऊ नये. पीसी क्वेस्टसारखी मासिके एकेकाळी अंकासोबत सीडी देत. तीवरील लिनक्स पुढे कोणासही देता येत असे. परंतु एखाद्या मासिकाच्या सीडीवर तीस दिवसांच्या चाचणीसाठी दिलेली आज्ञावली असेल, तर तिच्याविषयी तेच म्हणता येत नाही. एकाच चकतीवर दोन परवाने नांदू शकतात. सीडीवरून हक्क ओळखता येत नाही, हे यावरून पुन्हा सिद्ध होते.

९

भारतीय तरतुदींचे एकंदर मूल्यमापन करावयाचे तर 'ताबा' हा शब्द निवडण्यातील शहाणपण आणि खंड (एडी) मधील औदार्य यांची नोंद प्रथम केली पाहिजे. उणिवा दोन दिसतात. एक, परवान्याने ही सवलत हिरावून घेतल्यास काय, याविषयी कलम ५२ मौन बाळगते. राखीव प्रत काढण्याचा हक्क कराराने काढून घेता येणार नाही, असे युरोपीय संघाच्या निर्देशात स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे तसे एक वाक्य हवे होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने अन्याय्य करारातील अटी रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगास दिला आहे. परंतु तेथवर जाणारा ग्राहक विरळा. दुसरी उणीव 'त्या प्रतीवरून' या शब्दांची. सीडी मागे पडून किल्ली हीच खरी वस्तू झाल्यावर, फुटलेल्या चकतीमुळे विकत घेतलेला हक्क लंगडा पडू नये.

तोवर वाचकाने करावयाचे ते थोडेच आहे. सीडीसोबत पावती आणि किल्ली जपावी. आज्ञावली बसवण्यापूर्वी परवान्यातील यंत्रसंख्या आणि हस्तांतर ही दोन कलमे तरी वाचावीत. आणि सीडी दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ही दिल्यानंतर जगात आज्ञावलीच्या वापरातील प्रती वाढणार आहेत काय? उत्तर नकारार्थी असेल तर कायदा बहुधा आपल्या बाजूस आहे. होकारार्थी असेल, तर ती मैत्रीखातर दिली म्हणून हिशेब बदलत नाही. विद्यापीठाच्या विभागांनी आपल्या प्रयोगशाळांतील परवान्यांचा आशय मराठीत लिहून भिंतीवर लावला, तर हे वाचन चळतीसमोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचेल.